पोफळी वादळाने पाडल्या, दावा लावू कोणावर?

वकीलसाहेब, स. न. वि. वि.

मी श्रीवर्धन तालुक्यातला बागायतदार, वय ५८. चौदा गुंठ्यांची वडिलोपार्जित वाडी आहे. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात १८० पोफळी आणि ११ माड गेले. पोफळी मुळासकट उपटल्या नाहीत, मधोमध काडी मोडावी तशा मोडल्या. पंचनामा झाला, मदतही आली, पण हिशेब केला तर पोफळीमागे पन्नास रुपये. नवी रोपं लावली, ती आता कुठे पोय टाकू लागलीत.

मुलगा पुण्याला असतो. त्याने मोबाइलवर दाखवलं की पेरू देशातल्या एका शेतकऱ्याने जर्मनीच्या वीजकंपनीला कोर्टात खेचलं, हवामान बिघडवलं म्हणून. मग आपण का नाही? कोळसा जाळणारे आपल्याकडे काय कमी आहेत? घरातली मंडळी म्हणतात, देवाच्या मनात आलं ते झालं, त्याच्यावर कोण फिर्याद करणार. वडील २०१६ ला गेले. ते आयुष्यभर एका वहीत पाऊस आणि सुपारीचा उतारा लिहीत असत. ती वही चाळली की हवामान फिरलंय हे आम्हाला वेगळं सांगावं लागत नाही.

आणखी एक त्रास आहे. वाडीच्या खालच्या अंगाला खाडीकडे जाणारा ओहोळ होता, त्यावर फेब्रुवारीत एका नव्या रिसॉर्टवाल्याने मातीचा भराव टाकला. जूनपासून पाणी वाडीत चार चार दिवस उभं राहतं. पण ते असो. मुख्य प्रश्न दाव्याचा. लावता येईल का, आणि कोणावर?

एक बागायतदार, जि. रायगड

---

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्या वाचनात ‘पण ते असो’ या शब्दांखाली पेन्सिलने रेघ मारली. त्या ओहोळाकडे मी येणार आहे. पण आधी पेरूचं सांगतो, कारण ते डोक्यात घोळत असेपर्यंत बाकीचं काही तुमच्या कानात शिरणार नाही.

त्या शेतकऱ्याचं नाव साऊल लुसियानो लियुया. अँडीज पर्वतातल्या वाराझ शहराजवळचा. शेती करतो आणि डोंगर चढायला येणाऱ्यांना वाट दाखवतो. शहराच्या वर, साडेचार हजार मीटर उंचीवर पाल्काकोचा नावाचं तळं आहे, हिमनदीच्या पाण्याचं. डिसेंबर १९४१ मध्ये ते फुटलं आणि शहराचा मोठा भाग वाहून गेला, हजारो माणसं गेली. पुढे बांध घातले, पाणी काढून द्यायला पाइप टाकले. पण वर हिमनदी वितळत मागे हटत राहिली आणि तळं पुन्हा फुगलं. लियुयाचं घर त्या पाण्याच्या वाटेवर आहे.

नोव्हेंबर २०१५ मध्ये त्याने जर्मनीतल्या एसेन शहरात आरडब्ल्यूई या वीजकंपनीवर दावा लावला. पेरूत या कंपनीचा एकही वीजप्रकल्प नाही. मागणीही कशी, तर तळ्याच्या बंदोबस्ताला जो खर्च येईल त्यातला ०.४७ टक्का आम्हाला द्या, साधारण १७,००० युरो. हा अपूर्णांक कुठून आला? रिचर्ड हीड नावाच्या संशोधकाने जुने अहवाल खणून एक हिशेब मांडला होता, की आजवरच्या औद्योगिक उत्सर्जनात कोणाचा किती वाटा. २०१४ च्या त्याच्या यादीत अवघे ९० उत्पादक १७५१ ते २०१० या काळातल्या ६३ टक्के उत्सर्जनाचे धनी निघाले. आरडब्ल्यूईच्या नावापुढे ०.४७ टक्का होता. (आपली कोल इंडियाही त्या यादीत आहे.) लियुयाने मागितला तो तेवढाच वाटा, वर एक पैसा नाही. मला त्याच्या वकिलाची ही चाल फार आवडली. भाऊबंदकीच्या दाव्यात जो आपल्या हिश्शापुरतंच मागतो, त्याचं न्यायाधीश ऐकून घेतात.

आता तो ज्या कलमावर उभा राहिला ते सांगतो. जर्मन दिवाणी संहितेचं कलम १००४. आपली मालमत्ता सुखाने भोगण्यात कोणी अडथळा आणत असेल, तर तो दूर करायला लावायचा मालकाचा हक्क. म्हणजे शेजाऱ्यांच्या भांडणाचा कायदा. फणसाची फांदी पलीकडे गेली, मोरीचं पाणी आमच्या अंगणात सोडलं, बांध हातभर सरकवला. अलिबागच्या कोर्टात माझी पहिली दहा वर्षं याच धंद्यात गेली, त्यामुळे हा दावा वाचताना मला घरी आल्यासारखं वाटलं. म्हणणं एवढंच की धुराला बांध कळत नाही, तेव्हा एसेनची कंपनी आणि वाराझचं घर हे शेजारीच.

खालच्या कोर्टाने २०१६ मध्ये दावा फेटाळला. जगात इतके जण धूर सोडतात, त्यात अमक्याच्या धुरामुळे तमक्या घराला धोका हा धागा पकडायचा कसा, असा त्यांचा सवाल. हॅमच्या वरच्या कोर्टाने ३० नोव्हेंबर २०१७ ला ठरवलं की पुरावा तरी घेऊन बघू. मे २०२२ मध्ये न्यायाधीश आणि तज्ज्ञ विमानाने वाराझला गेले, तळं बघितलं, घर बघितलं. आपल्याकडे कोर्ट कमिशनर टेप घेऊन बांधावर उभा राहतो आणि दोन्हीकडची मंडळी एकाच वेळी बोलत असतात, त्यातलाच हा प्रकार, फक्त मध्ये अख्खा अटलांटिक महासागर.

निकाल २८ मे २०२५ ला लागला. मुलाने शेवट सांगितला की नाही ते पत्रात दिसत नाही. लियुया हरला.

हरला कसा ते मात्र नीट ऐका. कोर्टाने म्हटलं की मोठे उत्सर्जक अशा नुकसानीला दिवाणी कायद्याने जबाबदार धरले जाऊ शकतात. अंतर लांब, हे उत्तर चालणार नाही. सरकारी परवाना होता, हेही चालणार नाही. परिणाम काय होतील ते मोठ्या उत्सर्जकांना १९६० च्या दशकाच्या मध्यापासून कळायला हवं होतं. एवढं सगळं त्याच्या बाजूने, आणि मग घोडं अडलं ते त्याच्या घराशी. येत्या ३० वर्षांत पुराचं पाणी नेमकं याच घरापर्यंत पोचण्याची शक्यता तज्ज्ञांनी एक टक्क्याच्या आसपास धरली, आणि पोचलंच तरी ते उथळ असेल म्हणून सांगितलं. हक्क मांडायला एवढा धोका पुरत नाही, असं म्हणून दावा फेटाळला.

जबाबदार कोण, यावर तो जिंकत आला आणि माझ्या उंबऱ्याशी नक्की काय होणार, यावर हरला. साडेनऊ वर्षं गेली त्यात. मागे जर्मनवॉच ही संस्था खंबीर उभी होती, नाहीतर एसेनपर्यंतचं तिकीट काढतानाच वाडी गहाण पडली असती.

तुमचं प्रकरण याच्याशेजारी ठेवून बघू. एका बाबतीत तुमची बाजू त्याच्यापेक्षा भक्कम आहे. त्याचं नुकसान व्हायचं होतं, तुमचं होऊन गेलंय. १८० पोफळी, मोजून. पण त्याच्याकडे वितळणारी हिमनदी होती. हवा तापली की बर्फ वितळतं, हे पटवायला फार घाम गाळावा लागत नाही. वादळाचं तसं नसतं. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये दाखवून दिलं की २००१ ते २०१९ या काळात अरबी समुद्रातली चक्रीवादळं त्याआधीच्या दोन दशकांपेक्षा ५२ टक्क्यांनी वाढली. समुद्र तापतोय हे त्यामागचं मोठं कारण. पण ‘वादळं वाढली’ हे एक वाक्य झालं आणि ‘३ जूनचं वादळ यांच्या धुराने माझ्या वाडीवर आलं’ हे दुसरं. समोरचा वकील या दोन वाक्यांच्या मध्ये खुर्ची टाकून बसेल. म्हणेल, कोकणात वादळं कोळशाच्या आधीपासून येतात. ते खोटं नाही. म्हणेल, त्या दिवशी वारा ताशी ११० ते १२० किलोमीटर होता, त्यातले कोळशाचे किती ते सांगा, आणि पोफळ नेमकी त्यांनीच मोडली हे दाखवा. शास्त्र हल्ली पहिल्या भागाचं उत्तर द्यायच्या जवळ आलंय. दुसऱ्या भागाचं उत्तर तुमची मोडलेली पोफळच देऊ शकली असती, आणि ती २०२० च्या पावसाळ्यातच चुलीत गेली असणार.

घरची मंडळी देवाचं नाव घेतात, त्यांनाही उत्तर द्यायला हवं. इंग्रजांच्या कायद्यात ‘देवाची करणी’ हा बचाव खरोखरच आहे. आपल्याकडे त्याहून नेमके शब्द आहेत, अस्मानी आणि सुलतानी. अस्मानीला सूट मागायची असते, सुलतानीला जाब विचारायचा असतो. हवामान बदलाने घोळ घातला तो इथेच. वरून येतं ते अस्मानीच दिसतं, पण त्यात किती टक्के सुलतानी मिसळली आहे ते आता मोजता येऊ लागलंय.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने देवाच्या करणीचा बचाव एका क्षेत्रात पार मोडून काढलाय. १९८४ चं भोपाळ ताजं असताना, डिसेंबर १९८५ मध्ये दिल्लीत एका कारखान्यातून ओलियम वायू गळला. त्या खटल्यात १९८६ च्या डिसेंबरात कोर्ट म्हणालं की धोकादायक धंदा करणाऱ्याची जबाबदारी पूर्ण आहे, कुठलीही सबब चालणार नाही. पुढे १९९६ मध्ये ‘प्रदूषण करेल त्याने भरावं’ हे तत्त्व आलं. हत्यारं आपल्या कपाटात आहेत, पण ती सगळी एका कारखान्यासाठी, एका नाल्यासाठी, एका गावासाठी घडवलेली. हवामानाच्या नुकसानीबद्दल एखाद्या कंपनीने शेतकऱ्याला पैसे मोजावेत, असा निकाल भारतात अजून झालेला नाही.

सरकारवर लावायचा म्हटलं तर? मार्च २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहणं हा घटनेच्या १४ आणि २१ व्या कलमांतून येणारा हक्क आहे. मोठीच गोष्ट. पण ते प्रकरण होतं माळढोक पक्ष्याचं आणि विजेच्या तारांचं. हक्क जाहीर झाला, आणि त्याच निकालात सौरऊर्जेच्या तारांसाठी पक्ष्याला दिलेलं संरक्षण सैल झालं. आपल्या सोलापूरच्या नान्नजला आता माळढोक दिसणं म्हणजे लॉटरी, त्यामुळे हा निकाल मी काही आनंदाने उद्धृत करत नाही. तो हक्क धोरणाशी भांडताना कामी येईल. त्याच्या जोरावर पोफळींचे पैसे मिळणार नाहीत.

शिवाय मुदत. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात भरपाईचा अर्ज कारण घडल्यापासून पाच वर्षांत करावा लागतो, सबळ कारण असेल तर वर ६० दिवस. दिवाणी कोर्टात अशा दाव्यांना साधारण तीन वर्षं. ३ जून २०२० पासून बोटं मोजा. निसर्ग वादळाच्या भरपाईचा दरवाजा तुमच्यापुरता बंद झालाय. हे गोड करून सांगण्यात अर्थ नाही.

जगात मात्र या दरवाजावर धडका चालूच आहेत. इंडोनेशियातल्या पारी या छोट्या बेटावरच्या चौघांनी होल्सिम या सिमेंट कंपनीवर स्वित्झर्लंडमध्ये दावा लावलाय, समुद्र घरात शिरतो म्हणून. हीच होल्सिम २०२२ पर्यंत अंबुजा आणि एसीसीची मालक होती, म्हणजे तुमच्या घराच्या स्लॅबमध्येही कदाचित तिची गोणी असेल. सिंधमधल्या शेतकऱ्यांनी २०२२ च्या महापुरासाठी २०२५ मध्ये दोन जर्मन कंपन्यांना नोटीस धाडली, त्यातली एक पुन्हा आरडब्ल्यूई. आणि २३ जुलै २०२५ ला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने एकमताने मत दिलं की हवामानाबाबतचं कर्तव्य मोडणाऱ्या देशाला भरपाईही द्यावी लागू शकते, फक्त नुकसानाशी त्याचा पुरेसा थेट आणि निश्चित संबंध दाखवायला हवा. हे मत बंधनकारक नाही. प्रशांत महासागरातल्या बेटांवरच्या कायद्याच्या विद्यार्थ्यांनी २०१९ मध्ये हा विषय लावून धरला होता, वानुआतू या चिमुकल्या देशाने तो संयुक्त राष्ट्रांपर्यंत नेला. त्या पीठावर आपले दलवीर भंडारी होते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती हेच होते.

बघा, हेगपासून हॅमपर्यंत सगळ्यांचा काटा एकाच ठिकाणी येऊन थांबतो. संबंध दाखवा. तुमचं नेमकं काय गेलं, कधी गेलं, कशाने गेलं.

मदतीबद्दल दोन शब्द. पन्नास रुपयांचा राग मला समजतो, पण सरकारने दिलं ते भरपाई म्हणून दिलेलंच नव्हतं. आपण बोलताना सर्रास ‘नुकसानभरपाई मिळाली’ म्हणतो. कायद्याच्या भाषेत ती सानुग्रह मदत, आपत्ती व्यवस्थापन अधिनियम २००५ खाली. भरपाई नुकसान मोजून मिळते, मदत दरपत्रक बघून. केंद्राच्या २०२२ ते २०२६ च्या निकषांत बहुवार्षिक पिकांना हेक्टरी २२,५०० रुपये धरले होते, दोन हेक्टरपर्यंत. तुमच्या चौदा गुंठ्यांना लावून बघा, ३,१५० रुपये होतात. हेक्टराचं माप विदर्भातल्या कपाशीला शोभतं. चौदा गुंठ्यांत पोफळ, माड, मिरवेल, जायफळ असे चार मजले चढवणाऱ्या कोकणच्या वाडीला ते लावणं म्हणजे विहिरीचं पाणी फूटपट्टीने मोजणं. यावर निवेदनं द्या, आमदारांच्या मागे लागा, पण हा लढा कोर्टातला नाही.

आता ओहोळ.

तुम्ही पेरूच्या शेतकऱ्याकडे बघत होतात, आणि त्याला साडेनऊ वर्षं जे मिळालं नाही ते तुमच्या खालच्या अंगाला फेब्रुवारीपासून पडलंय. अडथळा करणारा माहीत आहे, त्याचा भराव दिसतोय, पाणी कुठून येतं आणि कुठे अडतं ते शेंबड्या पोरालाही कळतं. आणि पोफळीला चार दिवस पाण्यात पाय चालत नाहीत, हे मी तुम्हाला सांगायला नको. सहा वर्षं जपलेली रोपं पोय टाकताना कुजली तर ते नुकसान निसर्ग वादळाच्या खाती जाणार नाही.

पहिली पायरी तहसीलदार. मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६, कलम ५. लोकांना हा कायदा शेतरस्त्याच्या भांडणामुळे माहीत असतो, पण शेती आणि झाडांच्या जमिनीवरून वाहणाऱ्या पाण्याच्या नैसर्गिक प्रवाहात कोणी बेकायदा अडथळा केला तर तो काढायला लावायचा अधिकारही याच कलमात आहे. तहसीलदार जागेवर येऊन पाहणी करतात. खर्च किरकोळ. अट एक, अडथळा सुरू झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज गेला पाहिजे. फेब्रुवारीत भराव पडला म्हणता, तर ऑगस्टमध्ये ही खिडकी बंद होते. पाणी जूनला साचलं म्हणून जूनपासून मोजू असं मनात आणू नका. भरावाचा पहिला डंपर कधी आला ती तारीख शोधा. गावात कोणीतरी त्या दिवशी रस्त्यावर चिखल झाला म्हणून शिव्या घातल्या असतील, मोबाइलवर फोटोही काढला असेल.

दुसरी गोष्ट, ओहोळ खाडीला मिळतो म्हणजे भरतीचं पाणी त्यात वर चढत असणार. तसं असेल तर जागा सागरी किनारा नियमन क्षेत्रात येऊ शकते आणि भरावाला परवानगी लागते. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा किनारा समिती असते, तिच्याकडे लेखी तक्रार द्या. एक प्रत राज्याच्या किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाला. आणि ओहोळाच्या तोंडाशी तिवरं, म्हणजे खारफुटीची झाडं, होती का? ती तोडली किंवा गाडली असतील तर प्रकरण वेगळंच वजन घेतं. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मध्ये राज्यभर कांदळवनांच्या तोडीवर बंदी घातलीय, भोवतीच्या ५० मीटर पट्ट्यासकट. पत्रात तिवरांचा उल्लेख नाही, पण कोकणातल्या माणसाला तिवर दिसत नाही, इतकी ती नेहमीची.

एवढं करूनही हललं नाही तर हरित न्यायाधिकरण, पश्चिम विभागाचं पीठ पुण्यात आहे. भराव काढायला लावायच्या अर्जाला सहा महिने आणि वर ६० दिवस, भरपाईच्या अर्जाला पाच वर्षं. शुल्क मागितलेल्या भरपाईच्या एक टक्का, किमान हजार रुपये. मुलगा पुण्यातच आहे, चकरा मारायला त्याला लावा. हे प्रकरण त्याने सुरू केलंय. वकील परवडत नसेल तर अलिबागला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. पूर किंवा मोठ्या आपत्तीने पोळलेल्यांना १९८७ च्या कायद्याने मोफत वकील मिळू शकतो, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

रिसॉर्टवाला काय म्हणेल ते मी आत्ताच सांगतो. “साहेब, हल्ली पाऊसच असा पडतो. क्लायमेट चेंज.” हे मी तीन वेगवेगळ्या प्रकरणांत तीन वेगवेगळ्या बिल्डरांच्या तोंडून ऐकलंय. ज्यांनी ओढे बुजवले त्यांना हवामान बदलाचा केवढा आधार झालाय! तुम्ही जे नाव घेऊन जर्मनीला जायला निघाला होतात, तेच नाव तो तुमच्याविरुद्ध घेईल.

तिथे वडिलांची वही लागेल. वहीत २६ जुलै २००५ चं पान काढा. त्या दिवशी रायगडातही आभाळ फाटलं होतं, महाडकडे दरडी कोसळून माणसं गाडली गेली. त्या पानावर, किंवा पुढच्या दोन दिवसांत, वाडीतलं पाणी कधी उतरलं याची नोंद आहे का बघा. तेव्हाचं पाणी ओहोटीबरोबर निघून गेलं असेल आणि आज त्याहून कमी पावसात चार दिवस उभं राहत असेल, तर पावसाचा बचाव तिथेच संपला. यंदाचा पाऊस किती पडला ते तुमच्या महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकावरून कृषी खात्याकडे मिळतं, नाही दिलं तर माहिती अधिकारात मागा. मृत माणसाने आपल्या नेहमीच्या व्यवसायात केलेल्या नोंदी पुरावा म्हणून पुढे करता येतात. जुन्या पुरावा कायद्यात ३२ वं कलम होतं, नव्या भारतीय साक्ष अधिनियमात २६ वं. समोरचा वकील हरकत घेईल, घेऊ दे. वही अस्सल ठेवणं आपल्या हातात आहे. तिला प्लॅस्टिक चढवू नका, फाटलेली पानं चिकटवू नका, पुसट अक्षरं पेनने गिरवू नका. आणि कितीही मोह झाला तरी यंदाच्या नोंदी त्या वहीत लिहू नका. त्याला वेगळी वही घ्या, तारीख, पाऊस, पाणी किती वाजता चढलं, किती वाजता उतरलं, कुठली रोपं पिवळी पडली. पुढचं वादळ आलं तर मोडलेलं एकही झाड फोटो आणि मोजमाप झाल्याशिवाय हलवायचं नाही, सरपण कितीही निकडीचं असलं तरी.

सातबाराचा ताजा उतारा, गाव नकाशाची प्रत (ओहोळ नकाशावर दिसतो का ते आधी बघा, दिसत असेल तर अर्धं काम झालं) आणि २०२० च्या पंचनाम्याची नक्कल एकत्र ठेवा. पंचनाम्यात तेव्हाच्या झाडांची संख्या आहे, म्हणजे नवी लागवड किती ते त्यावरून सिद्ध होतं.

फोटो पाणी उभं असतानाच काढा. चौकटीत भराव आणि एखादी पोफळ दोन्ही येऊ द्या, म्हणजे उंचीचा अंदाज येतो. पाणी ओसरल्यावर खोडांवर गाळाची रेघ राहते. ती वाळून झडायच्या आत टेप लावून मोजा, आणि मोजताना शेजारच्या दोघांना उभं करा, तुमच्या भावकीतले नसलेले.